पत्रिकेवरचं चौथं नाव

नलू,

तुझ्या कामाच्या खोलीत टेबलावर कालपर्यंत दोन खोके होते. दोन्हींत आपल्या ईराच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. एका खोक्यातल्या पत्रिकेवर खाली निमंत्रकांची चार नावं आहेत, दुसऱ्या खोक्यातल्या पत्रिकेवर तीन. चौथं नाव तुझं होतं.

परवा टोरोंटोहून ईराने फोन केला. "आजी, पत्रिका आल्या का गं? कशा दिसतायत?" मी म्हटलं, "आल्यात, पण खोके अजून उघडले नाहीत. तेरावा होऊ दे म्हटलं." तेरावा होऊन गेला होता आणि दोन्ही खोके मी उघडून पाहिले होते. जन्मभर कॉलेजातल्या मुलींना इंग्रजी शिकवलं. खोटं बोलणारी मुलगी मला वर्गाच्या दारातूनच ओळखू यायची. त्या दिवशी फोनवर माझा आवाज मला तसाच ऐकू आला.

हे लिहिलेलं मी ईराला आणि तिच्या भावाला, नीलला पाठवणार आहे. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही लिहाव्या लागतील. तू कंटाळशील. "वहिनी, मुद्द्यावर ये," म्हणशील. मुद्दा एवढाच आहे की दुसरा खोका मी मागवला, आणि मागवला तेव्हा तू जिवंत होतीस.

मुलांना तू नलूआजी म्हणून माहीत आहेस. सुट्टीत आली की ती तुझ्या खोलीत जाऊन कागद हुंगायची. तू लग्न करून गेलीस आणि काही महिन्यांतच मल्लेश्वरमच्या या घरात परत आलीस, हे त्यांना ऐकून माहीत असेल. का परत आलीस हे मात्र मलाही कधी नीट कळलं नाही. मी विचारलं नाही. न विचारणं म्हणजे सभ्यपणा असं मी तेव्हा समजत होते. ह्यांनी, म्हणजे तुझ्या अण्णाने, मागची खोली तुला रिकामी करून दिली आणि तू लोकांच्या लग्नाच्या पाकिटांवर नावं लिहू लागलीस. तुझं अक्षर पाहून कुणीतरी म्हणालं, आतली पत्रिकाही तुम्हीच करा ना. पुढे छपाई शहराबाहेर, बोम्मसंद्राच्या कारखान्यात होऊ लागली, आपल्या गल्लीत मावणार नाहीत अशा गाड्या दाराशी येऊ लागल्या, आणि मी तुझ्या पत्रिकांचं इंग्रजी तपासू लागले. तू कागदावर जे करायचीस तसं करणारं शहरात दुसरं कुणी नव्हतं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. "स्वल्पविराम चुकलाय" एवढं म्हणायचे.

बेळ्ळंदूरच्या उंच इमारतीतल्या त्या बाई आठवतात? मूळच्या पुण्याच्या. त्यांना पत्रिका नको, पेटी हवी होती. झाकण उघडलं की मोर पिसारा फुलवेल, आत दिवे लागतील, सनई वाजेल.

"करू की," तू म्हणालीस. "पण मग पाहुणे लग्नाला कशाला येतील? मोर बघितला, सनई ऐकली, घरबसल्या झालं लग्न."

"पण ताई, ते एकदम युनिक वाटतं ना. आमच्या नेबर्सच्या पत्रिकेत चांदीचा गणपती होता."

"अय्यो, हो का? नवरीचं नाव काय होतं?"

बाईंना आठवेना.

"बघा," तू म्हणालीस, "गणपती तेवढा लक्षात राहिला."

मी आत प्रूफ तपासता तपासता तोंडावर पदर धरून हसले. त्या बाई शेवटी हस्तिदंती रंगाचा जाड कागद आणि त्यावर मधोमध फक्त दोन नावं, एवढंच घेऊन गेल्या. वर्षभराने धाकट्या मुलीसाठी पुन्हा आल्या, तेव्हा मोराचं नावही काढलं नाही.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. तू पत्रिकेवर खाली मोकळी जागा सोडायचीस. मला ती सहन व्हायची नाही.

"इथे एवढी जागा का वाया घालवतेस? पार्किंगची सूचना बसेल."

"वहिनी, पाहुणा दारात आला की तू आधी पार्किंगचं बोलतेस? यजमानाने जरा बाजूला सरावं लागतं, मग माणूस आत येतो. ही ती सरायची जागा."

"मला ते काहीतरी लिहायचं राहून गेल्यासारखं दिसतं."

"तुला सगळंच राहून गेल्यासारखं दिसतं. तुझी डाळही डब्यात काठोकाठ असते."

खरं आहे. माझे डबे, माझी कपाटं, औषधांचे कप्पे, सगळं जिथल्या तिथे. काही घडण्याआधी त्याची तयारी करून ठेवणं हा माझा स्वभाव, आणि लोकांनी त्याचं कौतुकच केलं. "सुधावहिनी आहेत ना, मग काळजी नको," असं या घरात प्रत्येक कार्याला म्हटलं गेलं. मलाही ते आवडायचं.

विनयच्या, म्हणजे ईराच्या बाबाच्या, लग्नाची पत्रिकाही तूच केली होतीस. निमंत्रकांत तुझं नाव घालायचं की नाही यावर ह्यांच्यासमोर बोलणं झालं. अडचण म्हणे अशी होती की तुझ्या नावापुढे काय लिहायचं. कुमारी लिहिता येत नव्हतं, सौभाग्यवती लिहिता येत नव्हतं. मी ती अडचण मांडणीची असल्यासारखी मांडली. "एकीलाच काही न लावता ठेवलं तर ओळ विचित्र दिसेल," म्हणाले. तू पेन्सिलीला टोक करत होतीस. "माझं नको. ओळ लांब होते," म्हणालीस. आम्ही सगळे लगेच कबूल झालो. पुढे मी विधवा झाले, तरी घरातल्या प्रत्येक मुंजीच्या, वास्तुशांतीच्या निमंत्रणावर पहिलं नाव माझंच राहिलं. माझ्यापुढे 'श्रीमती' सहज बसलं. लोकांच्या मुलींची नावं तू सोन्यात काढत राहिलीस आणि तुझं नाव आपल्याच घरच्या कागदावर कधी आलं नाही.

ते आणलं ईराने. फोनच्या पडद्यावर ती, आणि इकडे आपण दोघी चष्मे लावून.

"नलूआजी, खाली चौघांची नावं. आजी, बाबा, आई आणि तू. कुणाच्याच नावापुढे काही नको. श्री नको, सौ नको, काही नको."

"अगं, लोक काय म्हणतील?" हे मी.

"म्हणतील, किती सुटसुटीत आहे. होय ना, नलूआजी?"

इतकं सोपं होतं ते. सगळ्यांपुढचं काढून टाकायचं, की एकीच्या पुढे काही नसल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. हे मला विनयच्या वेळी का सुचलं नाही? मला वाटतं, मी शोधतच नव्हते.

तू चष्मा काढून पुसलास. मग म्हणालीस, "सरी, चालेल. बघते." आणि त्यानंतर कितीतरी दिवस तुला तुझंच नाव काढता येईना. 'सुधा', 'विनय', 'मधुरा' झटक्यात झालं. 'नलिनी' तू पुन्हा पुन्हा काढायचीस आणि फाडायचीस. "किती बुटकं दिसतंय गं. लोकांची नावं कशी ऐटीत उभी राहतात, माझं आपलं मांडी घालून बसल्यासारखं." मी म्हटलं, "बसू दे की. घरचंच कार्य आहे." तू हसलीस. तेवढं एक वाक्य मी बरं बोलले असेन.

पहिला खोका आला तेव्हा तू मला कात्री लावू दिली नाहीस. चिकटपट्टी नखाने सोलून काढलीस. पांढरा, कापसाचा कागद, बोट ठेवलं तर थोडं आत जाणारा. सोनेरी अक्षरं फक्त नावांना. आणि पत्रिकेच्या कडांना अबोलीचा रंग, इथल्या बाजारात कनकांबराच्या वेण्या विकतात अगदी तोच. एक पत्रिका समोरून पाहिली तर पांढरीच. गठ्ठा एकत्र धरला की बाजूने तो रंग दिसायचा. "एकेकटीत दिसत नाही," तू म्हणालीस, "सगळ्या एकत्र असल्या की दिसतो." मग ओळीच्या शेवटी अंगठा फिरवून पाहिलास. मी कपबशा आवरत होते. थांबायला हवं होतं.

त्याच आठवड्यात तुला ताप आला. ताप छातीत उतरला आणि आपण हॉस्पिटलात गेलो. एका संध्याकाळी डॉक्टरांनी विनयला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तयारी ठेवा. माझ्यासारखीला असं सांगायला नको होतं. विनय भिंतीला टेकून रडला. मी तिथल्याच बाकावर बसून बोम्मसंद्राला फोन लावला.

मी असा विचार केला: तसंच काही झालं तर गेलेल्या माणसाच्या नावाने लग्नाचं बोलावणं जाऊ शकत नाही. सोनेरी नावांसाठी धातूचा ठसा नव्याने करावा लागतो, त्याला दिवस लागतात. मुलाकडचे बेळगावकडचे, रीतीभातीचे लोक. त्यांना वाईट वाटायला नको. म्हणून तीन नावांचा ठसा करून ठेवावा, लागला तर लागला. सगळा विचार कसा नीट, टप्प्याटप्प्याने. त्यात कुठेही तू नव्हतीस. तू शेजारच्या खोलीत श्वास घेत होतीस आणि मी तुझ्यावाचूनच्या ओळीची व्यवस्था करत होते.

एक गोष्ट मी विसरले. कारखान्यातून प्रत्येक प्रूफ आधी तुझ्या फोनवर जातं. कितीतरी वर्षांची सवय आहे त्यांची; तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय ते काही छापत नाहीत.

दोन दिवसांनी तुला बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होतीस, नाकाची नळी बाजूला सरकवून. मी डब्यातून मऊ भात आणला होता.

"वहिनी," तू म्हणालीस, "एक नाव गेलं की ओळ डावीकडे कलते. तिन्ही नावं मध्यावर घ्यायला सांग. आणि खाली जागा स्वल्प वाढवा म्हणावं, नाहीतर पंगतीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं दिसतं."

मी चमचा पुसत होते.

"कुठलं नाव?" मी विचारलं.

असं विचारलं मी, नलू. तुझ्याकडे बघून. तुझा फोन उशीजवळ पालथा पडलेला मला दिसत होता.

तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत राग असता तर मला आधार झाला असता. कुणीतरी नवखं गिऱ्हाईक चुकीचं काही मागतं, त्याला समजवावं की सोडून द्यावं असं तू ठरवायचीस, तसं तू पाहिलंस. मग म्हणालीस, "जाऊ दे. खाली कॉफी मिळते का बघ. मला नको, तुला. सकाळपासून उभी आहेस."

आणि मी गेले. मी सुटल्यासारखी गेले. कॉफी घेतली, सावकाश प्यायले. परत आले तेव्हा तू झोपली होतीस. त्यानंतर तोंडावर मास्क आला आणि बोलणं झालंच नाही. मला वाटत राहिलं, उद्या मास्क काढतील, मग सांगेन. काय सांगणार होते, तेही तयार करून ठेवलं होतं. माझी तयारी पक्की असते. तो उद्या मात्र आला नाही.

दुसरा खोका तेराव्याच्या आदल्या दिवशी आला. नावं मध्यावर होती. खालची जागा वाढलेली होती. मी सांगितलं नव्हतं, म्हणजे तूच कळवलं असणार. खरं सांगायचं तर नलू, ही पत्रिका पहिलीपेक्षा देखणी आहे. डोळा कुठेही अडत नाही. तुझ्या नसण्याची मांडणी तू इतकी नीटनेटकी करून दिलीस की कुणाला शंकासुद्धा येऊ नये.

विनय आणि मधुरा बेळ्ळंदूरहून आले तेव्हा मी दोन्ही पत्रिका पुढे ठेवल्या. विनयने दुसरी कधी मागवली, हे विचारलं नाही. त्याला वाटलं नंतर मागवली. मी वाटू दिलं.

"आई, ही तीन नावांचीच जाणार ना," तो म्हणाला. "फार तर वर कैलासवासी म्हणून अण्णांचं नाव आहे, त्याच्याशेजारी आत्याचं घालू."

मधुरा म्हणाली, "तुम्ही एकदा मुलाच्या आईंशी बोला. त्यांना काय चालतं ते बघा, मग ठरवू."

बोलावं लागणार होतंच. ज्यांच्यासाठी म्हणून मी हे सगळं केलं, त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं. फोन लावला. त्या बाई आधी तुझ्याबद्दल बोलल्या, साखरपुड्याला तू त्यांच्या पदराचा काठ हातात धरून रंग बघत होतीस ते आठवून रडल्या. मग मी पत्रिकेचं विचारलं.

"आमचं काय नाही बघा त्यात," त्या म्हणाल्या. "तुमचं घर, तुमचं माणूस. छापलंय ना नाव? मग असू द्या की हो. आम्हाला कशाला विचारता, अक्का?"

मी फोन ठेवला. कुणीच मागितलं नव्हतं, नलू. ना बेळगावच्या लोकांनी, ना विनयने, ना ईराने. तुझं नाव काढा असं म्हणणारं या जगात एकच माणूस होतं, आणि ते रोज तुझ्यासाठी मऊ भात घेऊन येत होतं. लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, असं मी जन्मभर म्हणत आले. ते लोक म्हणजे मीच होते.

काल सकाळी पहिल्या खोक्यातली पत्रिका मी देवापुढे ठेवली. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. तुझ्या त्या अबोली कडेला थोडी हळद लागली. तू ओरडली असतीस. मग बाकीच्या पाकिटांत घातल्या. विनयने पत्त्यांची यादी पुढे ओढली. मधुराने पाकिटं बंद करायला हात लावला आणि म्हणाली, "बरं केलंत." मी काही बरं केलेलं नाही, एवढंही मला तिला सांगता आलं नाही.

आज दुपारी राजूअण्णांचा फोन आला. मुलांना ते आठवत असतील, मल्लेश्वरममध्येच राहतात, माझ्या चुलतसासऱ्यांचे थोरले, सगळ्या कार्यांत मानाचे. पत्रिका त्यांना सकाळीच हातोहात पोचली होती.

"सुधा, अगं तू प्रूफ वाचलं नाहीस की काय? तू? नलूचं नाव खाली राहून गेलंय."

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "दुःखाच्या गडबडीत होतं असं. आधीच छापलेलं असणार. मी सांगतो सगळ्यांना, सुधाच्या नजरेतून सुटलं म्हणून."

किती सोपी वाट काढून दिली त्यांनी मला. 'हो, राहून गेलं' एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांनी माफ केलं असतं, वर कीवही केली असती. शब्द जिभेवर आलाही होता. आणि मला तुझा तो पेन्सिलीला टोक करणारा हात दिसला.

"राहून गेलं नाही, अण्णा," मी म्हटलं. "ठेवलंय."

"ठेवलंय? अगं पण ती..."

"हो. तिचंही बोलावणं आहे."

मग म्हणाले, "तुझं तू जाण." फोन बंद झाला. ते लग्नाला येतील की नाही, माहीत नाही. न आले तर पंगतीत त्यांची जागा रिकामी राहील. मी ती भरायला जाणार नाही.

हे मी धीट झाले म्हणून लिहीत नाही. जिवंत माणसासमोर जे जमलं नाही ते तू गेल्यावर एका म्हाताऱ्याला फोनवर सांगण्यात कसला धीटपणा? मला आज दुपारपासून उलट जास्तच लाज वाटते आहे. इतकं सहज सांगता येत होतं तर!

ईरा, नील, दुसरा खोका मी टाकून दिलेला नाही. तो माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, रेशमी साड्यांच्या मागे ठेवला आहे. माझ्यानंतर ते कपाट तुम्ही उघडाल. तीन नावांच्या त्या देखण्या पत्रिका हातात येतील आणि वाटेल, नलूआजी गेल्यावर दुःखात करून घेतल्या असतील. तसं समजू नका. त्या कधी आणि कुणी मागवल्या ते वर लिहिलं आहे. खालची जागा जरा जास्त मोकळी दिसेल. ती तिनेच वाढवून दिली होती, माझी चूक उठून दिसू नये म्हणून.

नलू, ईराच्या पत्रिकेवर खाली इंग्रजीत पार्किंगची सूचना घातलेली नाही. मी पाहिलं, जागा होती. घातली नाही.

आणि तू त्या दिवशी उशीला टेकून माझ्या उत्तराची वाट पाहत होतीस. मी विचारलं होतं, कुठलं नाव.

तुझं, नलू. मी तुझं नाव काढायला सांगितलं होतं.